कान सरावत नाही : वाचकांचे प्रश्न

गणेश विसर्जनानंतरच्या दोन आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे कानांविषयीची आहेत. निमित्त मिरवणुकीचे असले, तरी बहुतेकांना छळतो आहे तो रोजचाच आवाज : मागाचा, ग्राइंडरचा, ट्रॅक्टरवरच्या टेपचा आणि खिशातल्या मोबाईलचा. एकसारखी पत्रे एकत्र करून, लिहिणाऱ्यांची ओळख वगळून, त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी बेळगावच्या वडगावात राहतो. घरामागच्या शेडमध्ये आमचे चार यंत्रमाग आहेत आणि वयाच्या अठराव्या वर्षापासून, म्हणजे गेली २६ वर्षे, मी मागावर आहे. सुरुवातीला संध्याकाळी कान बधिर व्हायचे. आता तसे काही होत नाही, कान सरावले आहेत. फक्त रात्री माग बंद झाले की कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, आणि मी टीव्ही फार मोठ्याने लावतो अशी घरच्यांची तक्रार असते. हे वयामुळे होत असेल का?

उत्तर : चव्वेचाळीस हे कान जाण्याचे वय नव्हे. आपल्या पत्रातील ‘कान सरावले आहेत’ हे वाक्य वडगाव, शहापूर, खासबाग भागांतील विणकरांकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे, की उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. डोळा अंधाराला सरावतो, हाताला घट्टे पडतात, पण कानाला घट्टा पडत नाही. आपण ज्याला सराव म्हणता, तो ऐकण्याचा कमी झालेला भाग आहे. आवाज पूर्वीइतकाच आहे, तो टिपणारे मात्र कमी उरले आहेत.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी, वाटाण्याएवढी, अडीच वेढ्यांची एक पोकळी असते आणि तिच्यात आवाजाच्या लहरी टिपणाऱ्या सूक्ष्म रोमपेशी ओळीने बसलेल्या असतात. एका कानात या पेशी साधारण १५,५०० असतात, त्यांपैकी सुमारे १२,००० बाहेरच्या रांगांत आणि ३,५०० आतल्या रांगेत. गव्हाच्या शेतातून वारा गेला की लोंब्या वाकतात आणि पुन्हा उभ्या राहतात, तसे त्यांच्या टोकांवरचे रोम हलतात. वारा फार जोराचा असेल तर पीक आडवे होते. एका दिवसाच्या आवाजाने आडवे झालेले रोम रात्रभराच्या शांततेत बऱ्याच अंशी सावरतात. पहिल्या वर्षांत संध्याकाळी येणारी बधिरता सकाळी जात होती, ती यामुळेच. मात्र रोज तोच मार बसला की पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात, हे १९८०च्या दशकात सिद्ध झाले. आपल्या वाट्याला ती सोय आलेली नाही.

धोट्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज बहुधा ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. डेसिबलचा हिशेब रुपयांसारखा सरळ बेरजेचा नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते : ३ डेसिबल वाढले की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सहन करण्याजोगा मानला, तर ८८ डेसिबलला ती मुदत ४ तासांवर येते, ९१ ला २ तासांवर, ९४ ला एका तासावर आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटांवर. आपल्या देशातील कारखाना नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. माझ्या मते ती सैल आहे, आणि घरामागच्या शेडमध्ये ती तपासायलाही कोणी येत नाही. यंत्र हाताशी नसेल तर साधी कसोटी अशी, की हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला आहे असे धरावे. मागावर तर आपण ओरडतही नाही. हातवारे आणि ओठांची हालचाल यांवरच बोलणे चालते. याचा अर्थ आपणच लावावा.

आता काय करायचे? गेलेल्या पेशी परत येणार नाहीत, परंतु उरलेल्या राखता येतात. औषधाच्या दुकानात किंवा औद्योगिक सुरक्षेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात फोमचे इअरप्लग काही रुपयांत मिळतात. ते नीट बसवणे हीच खरी कला आहे : स्वच्छ हातांनी प्लग बोटांत वळून बारीक सुरळीसारखा करावा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद, बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग फारसे काम करीत नाही. पाकिटावर ‘एन.आर.आर. २९’ (आवाज किती कमी होतो याचा आकडा) असे काही लिहिलेले असेल तर २९ डेसिबल कमी होतील असे समजू नये. त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे, म्हणजे ११, हा व्यवहारातला हिशेब. ९८ डेसिबलच्या शेडमध्ये तेवढ्यानेही कानापर्यंत ८७ डेसिबलच पोहोचेल आणि मुदत २५ मिनिटांच्या आतून सुमारे ५ तासांवर जाईल. वरून कान झाकणारे इअरमफ घातले तर आणखी थोडी भर पडते. उन्हाळ्यात पत्र्याखाली ते कितपत सोसतील, हे मात्र आपणच ठरवावे.

एक गोष्ट विणकर मंडळी सहसा मानत नाहीत, म्हणून आकडा देतो. ३० डेसिबल अडवणारे उत्तम साधन ८ तासांच्या पाळीत एकूण अर्धा तास जरी काढून ठेवले, तरी दिवसभराचे सरासरी संरक्षण १२ डेसिबलवर येते. तार तुटली म्हणून काढला, फोन आला म्हणून काढला, असे करता करता तो अर्धा तास केव्हाच भरतो. बोलायचे असेल तर शेडबाहेर यावे आणि तेथे प्लग काढावा.

मागाकडेही पाहावे. पायांखाली जाड रबरी पट्ट्या, वेळेवर तेल, खिळखिळे झालेले भाग बदलणे आणि शेड व झोपण्याची खोली यांच्यामध्ये पत्र्याऐवजी विटांची भिंत, एवढ्याने घरच्यांना पुष्कळ आराम मिळतो. त्याच भिंतीला टेकून मुले अभ्यास करीत असतील तर त्यांचे टेबल आधी हलवावे.

रातकिड्यांचा आवाज हे या नुकसानीचे नेहमीचे लक्षण आहे. शांततेत तो जास्त जाणवतो, म्हणून रात्री खोलीत पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज ठेवल्यास झोप सोपी होते. ‘तो मुळापासून घालवतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या थेंबांवर आणि गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. श्रवणतपासणी, म्हणजे ऑडिओग्राम, करून घ्यावी. ती सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माग सुरू करण्यापूर्वी करावी, कारण आदल्या १४ तासांत कानाला विसावा मिळालेला असेल तरच आलेखावर कायमचे नुकसान तेवढे दिसते. आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या, आसपास खड्ड्यासारखा खाली जातो. हा आलेख जपून ठेवावा आणि दरवर्षी नवा काढून त्याच्याशी ताडून पाहावा.

प्रश्न : माझे वडील उद्यमबागमधील एका फाउंड्रीत ३० वर्षे फेटलिंग विभागात, म्हणजे ओतकाम ग्राइंडरने घासण्याच्या कामावर होते. घरी आमचे बोलणे त्यांना बरेचसे कळते. बँकेत किंवा तालुका कचेरीत मात्र समोरचा कन्नडमध्ये बोलू लागला की ते गोंधळतात आणि मला पुढे करतात. त्यांना कन्नड चांगले येते, कारखान्यात तीच भाषा जास्त होती. आता मुद्दाम टाळतात, असे माझ्या भावाचे म्हणणे आहे. खरे काय असेल?

उत्तर : ताई, आपल्या भावाला हे उत्तर अवश्य वाचून दाखवावे. वडील भाषा टाळत नसावेत. त्यांना ती अर्धीच ऐकू येत असावी.

ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो आणि तो प्रथम वरच्या पट्टीतले ऐकणे नेतो. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. अर्थ वेगळा करणारी स, श, फ, ख, थ अशी बारीक, फुंकरीची व्यंजने वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे अशा माणसाला ‘कोणीतरी बोलत आहे’ हे ऐकू येते, पण ‘काय’ ते कळत नाही. ‘साठ’, ‘पाठ’, ‘काठ’ हे तिन्ही शब्द त्याला ‘आठ’सारखे ऐकू येऊ शकतात, आणि बँकेच्या खिडकीवर साठ आणि आठ यांत पुष्कळ फरक असतो. म्हणूनच अशी माणसे ‘मोठ्याने बोल’ म्हणतात आणि मोठ्याने बोलले की ‘ओरडतोस कशाला’ म्हणतात. आवाज वाढवला तरी स्वरच वाढतात, व्यंजने जागच्या जागी राहतात.

घरी मराठीत त्यांचे निभावते, याचे कारण मेंदू गाळलेल्या जागा भरतो. आईच्या भाषेत पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज आयुष्यभराच्या सवयीने आधीच बांधलेला असतो, घरच्यांचे विषय ठरलेले असतात, ओठ समोर दिसत असतात. नंतर शिकलेल्या भाषेत, ती कितीही चांगली येत असली, तरी हे भरणे अवघड जाते. धडधाकट कानांच्या माणसालाही गोंगाटात दुसरी भाषा पहिल्या भाषेपेक्षा लवकर कळेनाशी होते. कान अधू झाल्यावर ही तफावत आणखी रुंदावते. त्यात काचेची खिडकी, वर पंखा, मागे रांगेतल्यांचे बोलणे आणि समोरच्याची मान संगणकाकडे. आपल्या सीमाभागात दोन भाषांत वावरणाऱ्या घरांमध्ये श्रवणदोषाची पहिली खूण पुष्कळदा हीच असते, आणि ती भाषेच्या हट्टाच्या खाती जमा होते. आपल्याकडे भाषेचा विषय आधीच हळवा आहे, म्हणून हा गैरसमज अधिक टिकतो.

वडिलांची ऑडिओग्राम तपासणी करावी आणि तिच्याबरोबर शब्द किती स्पष्ट कळतात याचीही चाचणी मागावी. शक्य असल्यास ती दोन्ही भाषांतील शब्दांनी व्हावी. श्रवणयंत्र घ्यायचे ठरल्यास ते नुसते आवाज मोठा करणारे नको, त्यांच्या आलेखाप्रमाणे वरच्या पट्टीला जुळवून दिलेले हवे. आणि पहिल्या आठवड्यात ‘भांडी फार वाजतात’ म्हणून त्यांनी ते कपाटात टाकले, तर निराश न होता पुन्हा जुळवून घ्यावे. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. येथे ‘सवय’ हा शब्द योग्य आहे. कार्यालयात गेल्यावर त्यांनी स्वतः सांगावे, ‘मला कमी ऐकू येते, समोर बघून सावकाश बोला, आकडा लिहून द्या.’ आपण पुढे होऊन त्यांच्या वतीने बोलणे शेवटचा उपाय म्हणून ठेवावे, कारण त्यातून माणूस हळूहळू घराबाहेर पडणेच सोडतो.

त्यांच्या जागी आज जे कामावर आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कामगार कायद्यांच्या यादीतील नोंद करण्यायोग्य व्यावसायिक आजार आहे. कानाचे संरक्षक साधन आणि वेळोवेळी श्रवणतपासणी मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. कामावर रुजू झाल्याबरोबर पहिला ऑडिओग्राम काढून ठेवलेला असेल, तर पुढे कान कामामुळे गेले हे दाखवणे सोपे जाते.

प्रश्न : मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. उत्सवाआधी दीड महिना रोज दोन तास सराव असतो. सराव संपल्यावर तासभर कानात शिटी वाजते. पथकातील दादा म्हणतात, प्लग घातले तर ताल कळणार नाही. खरे आहे का?

उत्तर : फोमचे प्लग घातल्यास ताल कळतो, पण वाद्याचा पोत बदलतो, हे खरे, कारण ते वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापतात. म्हणून वादकांसाठी वेगळे, सर्व पट्ट्या सारख्याच प्रमाणात कमी करणारे प्लग मिळतात. ते महाग असले तरी पुष्कळ दिवस टिकतात, आणि ताशाचे कातडे बदलायला जो खर्च पथक करते त्याच खात्यात हाही धरावा, असे मला वाटते. ताशाचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबल ओलांडतो. वर दिलेल्या हिशेबाने तुमची सुरक्षित मुदत पंधरा मिनिटांत संपते आणि सराव दोन तासांचा असतो.

सरावाचा मोठा भाग हातांचा असतो, आवाजाचा नसतो. बोल बसवताना रबरी पट्टीवर किंवा जुन्या टायरच्या तुकड्यावर काड्या चालवाव्यात आणि पूर्ण वाद्यांवर शेवटचा अर्धा तासच घ्यावा. सराव बंद सभागृहात न घेता मोकळ्या मैदानात घ्यावा, कारण भिंती आवाज परत फेकतात. ताशांची रांग कोणाच्याही कानाच्या नेमक्या मागे येऊ देऊ नये. शिटी वाजली याचा अर्थ मर्यादा ओलांडली गेली; दुसऱ्या दिवशी कानांना विश्रांती द्यावी. दादांनाही श्रवणतपासणी करायला सांगा. मोठ्या पथकांत जुन्या वादकांचे कान सर्वांत आधी तपासायला हवेत, आणि तेच सर्वांत शेवटी येतात.

प्रश्न : आमचे घर मिरवणुकीच्या मार्गावर आहे. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन, दोन्ही वेळा डॉल्बीमुळे खिडक्या थरथरतात. माझे वय ७२ आहे, छातीत धडधडते. घरात सहा महिन्यांची नातही आहे. उत्सवाला विरोध नाही. मी स्वतः तरुणपणी लेझीम खेळलो आहे. पण नियम काही आहेत की नाहीत?

उत्तर : नियम आहेत, आणि ते स्पष्ट आहेत. केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, जे २००० साली आले, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्री १२ पर्यंत शिथिल करू शकते. ही सवलत वेळेपुरती आहे, आवाजाची पातळी त्यामुळे मोकळी होत नाही. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निकालात या नियमांना भक्कम आधार दिला आहे. तक्रार ११२ वर किंवा पोलिसांकडे करता येते. शक्य तर मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात, गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून, लेखी द्यावी. मंडळातील मुले आपलीच असतात, आणि रस्त्यावर भांडण्यापेक्षा बैठकीत बोललेले अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

मोबाईलवरच्या ध्वनिमापक ॲपमध्ये आकडा कमी दिसला तरी आपल्या छातीवर विश्वास ठेवावा. डेसिबल मोजण्याची नेहमीची ‘ए’ पद्धत माणसाच्या कानाच्या स्वभावाप्रमाणे खालच्या पट्टीच्या आवाजाला कमी वजन देते. डॉल्बीचा दणका मुख्यतः त्याच पट्टीत असतो, त्यामुळे खिडकी थरथरते आणि आकडा मात्र सौम्य दिसतो. गणपत गल्ली, मारुती गल्लीसारख्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या इमारती आवाज आपापसांत परतवत राहतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की साधारण ६ डेसिबल कमी होतात. गल्लीत तेवढा उतार मिळत नाही. मिरवणूक पाहायचीच असेल तर कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या गर्दीत स्पीकरच्या भिंतीशेजारी चालण्यापेक्षा एखाद्या रुंद चौकात, मागे सरकून उभे राहावे.

जाता जाता एक गंमत. आपल्या भागात स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात, पण ज्या रे डॉल्बी यांचे हे नाव, त्यांनी १९६५ मध्ये आपली कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्याचे तंत्र घेऊन. नको असलेला आवाज कमी करणे हाच त्यांचा उद्योग होता.

नातीला मिरवणुकीच्या दिवशी मागच्या खोलीत, दारे-खिडक्या लावून ठेवावे किंवा त्या संध्याकाळी नातेवाइकांकडे न्यावे. तान्ह्या मुलाची कर्णनलिका लहान असते आणि त्याला त्रास सांगता येत नाही. इतक्या लहान मुलाच्या कानात फोमचे प्लग घालू नयेत, ते आत अडकू शकतात. लहान मुलांच्या मापाचे इअरमफ मिळतात, तेही थोड्या वेळापुरतेच वापरावेत. आपल्या धडधडीविषयी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगून ठेवावे. मोठ्या आवाजाने शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब वाढतो. कानावर हात ठेवून हा भाग टळत नाही, तेथून दूर जावे लागते.

प्रश्न : मी निपाणी-चिक्कोडी भागात हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो. रात्री झोप येऊ नये म्हणून मडगार्डवर दोन स्पीकर लावले आहेत. सगळेच लावतात. त्याने कानाला काही होते का?

उत्तर : होते. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर इंजिनाचाच आवाज चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास असतो, आणि गाणे ऐकू यावे म्हणून टेप त्याच्याही वर चढवावा लागतो. म्हणजे इंजिनाचा त्रास टेपने झाकला जात नाही, वाढतो. शिवाय मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न किंवा ट्रॉलीच्या जोडाचा बदललेला खडखडाट ऐकू येत नाही, आणि दोन ट्रॉल्या भरलेल्या असताना ही जोखीम कानापेक्षाही मोठी आहे. झोपेवर उपाय झोपच. स्पीकर काढावेत, फुटलेला सायलेन्सर बदलावा आणि नांगरटीसारख्या, रस्त्यावर नसलेल्या कामात इअरमफ वापरावेत. रस्त्याकडेच्या घरांत रात्री दोन वाजता मुले झोपलेली असतात, हेही सांगायचे राहू नये.

प्रश्न : माझा मुलगा खानापूरहून बेळगावला कॉलेजला जातो. बसमध्ये आणि घरी मिळून चार-पाच तास इअरफोन लावलेला असतो. किती आवाज ठीक?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि लहान मुलांनी तेवढाच वेळ ७५ डेसिबल, याच्या वर जाऊ नये. याच हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याची मुदत ४ तासांची होते आणि १०० डेसिबलला २० मिनिटांची. पुष्कळ फोन पूर्ण आवाजात १०० डेसिबलच्या वर जातात.

घरातला आवाज आणि बसमधला आवाज वेगळे पाहावेत. बसच्या गोंगाटात गाणे ऐकू येण्यासाठी मुलगा आवाज चढवतो आणि घरी आल्यावर तो तसाच राहतो. म्हणून घरी, शांत खोलीत, आवडेल तेवढाच आवाज लावून ती पातळी पाहून ठेवावी आणि फोनच्या सेटिंगमध्ये कमाल मर्यादा तेथेच बांधावी. बसमध्ये तेवढ्यात ऐकू येत नसेल, तर बाहेरचा आवाज अडवणारे, कानात घट्ट बसणारे किंवा नॉइज कॅन्सलिंगचे इअरफोन घ्यावेत. गोंगाट कमी झाला की आवाज चढवावा लागत नाही. अनेक फोन आठवड्याची मात्रा मोजून दाखवतात. तो आकडा मुलालाच पाहू द्यावा. आईने ‘कान जातील’ म्हणण्यापेक्षा फोनने दाखवलेले या वयात अधिक पटते, हे कबूल करायला हरकत नाही.

प्रश्न : मोठ्या आवाजाच्या वेळी कानात कापसाचा बोळा, तोही तेलात भिजवून, घालण्याची आमच्याकडे पद्धत आहे. चालेल का?

उत्तर : कोरडा कापूस जेमतेम पाच-सात डेसिबल अडवतो. तेलाने कान मऊ राहतो ही समजूत आहे. पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जाऊन कान वाहू लागतो. काहीच हाताशी नसेल तर कर्णद्वारासमोरचा मांसल उंचवटा दोन्ही बाजूंनी बोटाने दाबून धरावा, तो कापसापेक्षा बरा.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलाच्या शेजारी सुतळी बॉम्ब फुटला. त्याला तीन दिवस एका कानाने कमी ऐकू येते आणि आत घंटा वाजते. जवळच्या एका दवाखान्यात थेंब दिले आणि पंधरा दिवस वाट पाहायला सांगितले. थांबावे का?

उत्तर : थांबू नये. हे पत्र छापण्याआधीच आपल्याला तसे कळवले आहे; येथे इतरांसाठी देतो. फटाक्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादासुद्धा, तो फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर, १२५ डेसिबल आहे; हातभर अंतरावर ती पुष्कळ वाढते आणि असा एक धमाका पडदा फाडू शकतो किंवा आतल्या कानाला थेट इजा करू शकतो. पडद्याचे लहान छिद्र बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरते, परंतु आतल्या कानाला इजा झाली असेल तर काही रुग्णांना स्टेरॉइडचे उपचार द्यावे लागतात, आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितका लाभ अधिक, दिवसांच्या हिशेबात. कोणत्याही कारणाने एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

पडदा पाहून झाल्याशिवाय कानात कोणतेही थेंब घालू नयेत. काही थेंबांतील जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके फाटलेल्या पडद्यातून आत गेल्यास आतल्या कानाला अपाय करू शकतात. डोक्यावरून अंघोळ घालताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. वर ज्या कापसाला नाही म्हटले, त्याचा हा एवढा एक उपयोग आहे. मुलाला नाक जोराने शिंकरू देऊ नये, आणि तज्ज्ञ पुन्हा तपासून सांगेपर्यंत विहिरीवर पोहायला पाठवू नये.